जुन्या गाडीचे चार्जिंग : आधी तपासणी, मग खर्च



या पानावर दर अंकी आम्ही बेणेमळा, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा व्यवस्थापन याविषयी लिहीत असतो. या अंकात विषय जरा आडवाटेचा घेतला आहे. उसाच्या पानात मोटारीचा डायनामो कशाला, असे काहीजण म्हणतील. पण गट बैठकांना आम्ही फिरतो तेव्हा बैठक संपल्यावर, चहाच्या वेळी जी खरी बोलणी निघतात, त्यांत हा प्रश्न या वर्षी तीन-चार ठिकाणी निघाला. आपल्या कार्यक्षेत्रात अजून बऱ्याच घरांच्या पडवीत, गोठ्याच्या कडेला जुन्या ॲम्बेसडर, जीपगाड्या आणि डायनामोवाले जुने ट्रॅक्टर उभे आहेत. काही चालतात, काही नुसत्या दसऱ्याला झेंडूचा हार घालून घेण्यापुरत्या राहिल्या आहेत. मालकांची तक्रार मात्र एकच : "साहेब, नवी बॅटरी टाकली तरी आठ दिवसांत उतरते."

चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडला, पाने पिवळी-पांढरी झाली, की पुष्कळजण युरियाचे पोते फोडतात. तिथे कमतरता असते लोहाची. युरियाचे पैसे जातात आणि केवडा होता तिथेच राहतो. जुन्या गाड्यांच्या बॅटरीचे नेमके असेच चालले आहे. म्हणून आमच्या एका गटातील गाडीची हकीकत इथे तपशिलाने देत आहोत.

गाडी १९६५ सालची ॲम्बेसडर. मालकांना गावात सगळे आबा म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू. गाडी आबांच्या वडिलांनी घेतलेली. कारखान्यासाठी शेअर्स गोळा करायला ज्या मोजक्या गाड्या वाड्या-वस्त्यांवर धुरळा उडवीत फिरल्या, त्यांतली ही एक. मागच्या सीटवर पावतीपुस्तके आणि पुढे चार-पाच माणसे दाटीवाटीने, असे तिचे वर्णन जुने सभासद अजून करतात. आता गेल्या दोन वर्षांत या गाडीला तीन नव्या बॅटऱ्या लागल्या आणि डायनामो दोनदा जळाला. दोन्ही वेळा तो तालुक्याच्या गावी रिवाइंडिंग करून आणला. मुलांचे म्हणणे, "आबा, आता पुरे झालं." भंगारवाला येऊन किंमत सांगून गेलेला. आबांचा जीव गाडीत अडकलेला, पण पोराबाळांच्या पैशाचा असा धूर करणे त्यांनाही पटेना. पाडव्याच्या आत काय ते ठरवू, असे त्यांनी घरात सांगितले होते. आम्ही त्यांच्या अडसाली प्लॉटच्या पाहणीला गेलो असता हे सगळे कानावर आले.

पुढे जाण्यापूर्वी या गाडीचे कुळ सांगतो, कारण दोष शोधायला ते उपयोगी पडते. ॲम्बेसडर ही मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन या गाडीवरून घेतलेली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्स ती पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनवीत होती. जुन्या गाड्यांतील विजेची सामग्री इंग्लंडच्या लुकास धर्तीची. १९६१ साली मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली आणि अशी सामग्री आपल्याकडे बनू लागली. आजच्या गाडीत अल्टरनेटर असतो. या जुन्या गाड्यांत होता डायनामो, आणि त्याच्या जोडीला बॉनेटखाली, इंजिनमागच्या पत्र्यावर बसवलेली एक काळी डबी. आपल्याकडचे मेकॅनिक त्या सगळ्या डबीलाच कटआउट म्हणतात.

डायनामोचे काम विहिरीवरच्या पंपाच्या भाषेत सांगितले की चटकन कळते. पंखा फिरला की पंप पाणी फेकतो, तसे पट्ट्याने आर्मेचर फिरले की डायनामो वीज फेकतो. पण पंपाला आधी प्रायमिंग लागते. कोरडा पंप कितीही फिरवा, पाणी उचलत नाही. डायनामोचे प्रायमिंग म्हणजे त्याच्या लोखंडात मागे उरलेले थोडेसे चुंबकत्व. त्यावर जरा वीज तयार होते, तीच वीज फिल्ड कॉइलमध्ये जाऊन चुंबक जोरदार करते, मग आणखी वीज तयार होते. असे ते स्वतःच स्वतःला चढवत नेते. कुठे थांबायचे हे डायनामोला कळत नाही. ते कळावे म्हणून डबी.

डबीत दोन यंत्रे असतात. पहिले खरे कटआउट. ते पाइपावरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखे. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वर गेला, म्हणजे १३ व्होल्टच्या आसपास आला, की त्याचे पॉइंट चिकटतात आणि बॅटरी भरू लागते. इंजिन बंद पडले की पॉइंट सुटतात, नाहीतर बॅटरीतली वीज उलटी डायनामोत वाहून जाईल. दुसरे यंत्र रेग्युलेटर. तो म्हणजे कॉकवर हात ठेवून बसलेला गडी. व्होल्टेज वाढले की तो फिल्डचा पुरवठा तोडतो, कमी झाले की जोडतो. हे तो एका सेकंदात कितीतरी वेळा करतो.

डबीवर पाच टर्मिनल असतात : ए, ए-वन, एफ, डी आणि ई. ए बॅटरीकडे जाते. ए-वन गाडीच्या दिव्यांकडे व इग्निशनकडे. डी हा डायनामोचा मोठा खांब, एफ हा फिल्डचा छोटा खांब. राहिले ई. ई म्हणजे अर्थ. एक साधी काळी वायर, एका स्क्रूने गाडीच्या पत्र्याला लावलेली. तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण कटआउटची आणि रेग्युलेटरची, दोघांच्याही कॉइलची परतीची वाट याच एका वायरवरून आहे. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

लाल दिवा काय सांगतो

पाटीवरचा चार्जिंगचा लाल दिवा हा या गाडीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरा मीटर. त्याचे एक टोक किल्लीकडून येणाऱ्या विजेला आणि दुसरे टोक डायनामोच्या डी खांबाला असते. किल्ली फिरवली, इंजिन बंद आहे, तेव्हा डायनामोकडे शून्य व्होल्ट, दिवा लागतो. इंजिन चालू होऊन डायनामो बॅटरीच्या बरोबरीला आला की दोन्हीकडे सारखा दाब होतो आणि दिवा विझतो. दिवा विझला म्हणजे चार्जिंग होतेच असे मात्र नाही. डायनामो तयार झाला एवढेच त्यावरून कळते.

किल्ली फिरवूनही दिवा लागलाच नाही, तर बल्ब गेला असेल किंवा डायनामोचे कार्बन टेकत नसतील. इंजिन रेस केले तरी दिवा तसाच लख्ख राहिला, तर डायनामो वीज देत नाही. रात्री हेडलाइट लावून चालताना दिवा मंद मिणमिणत राहिला, तर कटआउटचे पॉइंट काळे पडले आहेत किंवा एखादा जोड ढिला आहे. आणि चौथी तऱ्हा अशी, की रेस केल्यावर दिवा विझतो आणि आणखी रेस केली की परत लागतो, पहिल्यापेक्षा जास्त. ही तऱ्हा फार कमी लोकांनी पाहिलेली असते, आणि पाहिली तरी "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून सोडून दिलेली असते.

आबांचा नातू आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला आहे. हात चलाख आहे, पण त्याच्या अभ्यासात अल्टरनेटर होता, डायनामो नव्हता. त्याला आम्ही किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः काचेतून दिव्याकडे बघत उभे राहिलो. दिवा लागला. इंजिन सुरू झाले, थोडी रेस दिली, दिवा गेला. "अजून दे," म्हटले. दिवा पुन्हा पेटला, आणि चांगला भगभगीत.

"साहेब, हे तर पहिल्यापासून असंच आहे," नातू म्हणाला. "आणि हा बल्बही सारखा उडतो. चार टाकले असतील."

बॅटऱ्यांचा आणि रिवाइंडिंगचा हिशोब घरात सगळ्यांना पाठ होता. या बल्बचा कुणी ठेवला नव्हता, कारण तो किरकोळ. पण १२ व्होल्टचा बल्ब पुन्हा पुन्हा उडतो, याचा अर्थ त्याला कुठून तरी १२ पेक्षा पुष्कळ जास्त व्होल्ट मिळत आहेत. बॅटरी तर उतरलेली. मग ते जादा व्होल्ट डायनामोकडूनच येणार. जो डायनामो कमजोर म्हणून दोनदा सोडवून नेला, तो खरे पाहता मोकाट सुटलेला होता.

तपासणी

तरीही अंदाजावर विसंबून काम करू नये. थोडक्या पैशांत मिळणारा एक मल्टीमीटर पुरतो, आणि आधी साध्या गोष्टी बघाव्यात. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. ढिला असेल तर घसरतो. काहीजण तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणतात, त्याने डायनामोचा मागचा बुश लवकर जातो. आबांच्या गाडीचा पट्टा ठीक होता. मग बॅटरी. एक रात्र बाहेरच्या चार्जरवर भरून, काही तास तशीच ठेवून व्होल्ट मोजले तर चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. यांची दाखवत होती. म्हणजे तिसरी बॅटरीही धडधाकट होती, आणि आम्हाला राहून राहून वाटते की आधीच्या दोन्हीही असाव्यात.

आणखी एक. जुन्या इंग्लिश धर्तीच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब चेसिसला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. वायर सोडवण्या-जोडण्यापूर्वी कोणता खांब अर्थला आहे हे स्वतः बघून घ्यावे, रंगावर जाऊ नये. सोडवताना अर्थची वायर आधी काढावी आणि जोडताना शेवटी लावावी. भरत्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ठिणगी नको आणि बिडीही नको.

आता डायनामोची परीक्षा. त्याच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढल्या. दोन्ही खांब तांब्याच्या एका तुकड्याने एकमेकांना जोडले. मीटरचे एक टोक त्या जोडावर, दुसरे डायनामोच्या अंगावर. इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवला. चांगला डायनामो इथे एकसारखा चढत जातो. २० व्होल्टच्या वर मात्र जाऊ देऊ नये आणि इंजिन पिरगाळू नये, कारण या घडीला त्याला आवरणारे कुणी नसते. काटा हललाच नाही तर आधी कार्बन बघावेत. अर्धा-एक व्होल्टवर अडकला तर बहुधा फिल्ड कॉइलचा दोष, चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरचा. आबांचा डायनामो वाढत्या वेगाबरोबर सरळ १६ व्होल्टपर्यंत चढला, तिथे आम्ही नातवाला हात करून थांबवले. डायनामोत काही बिघाड नाही हे नक्की झाले.

वायरी पुन्हा जागेवर लावल्या आणि मीटर डबीच्या डी टर्मिनलवर नेला. इथे रेग्युलेटर काम करत असता तर १४-१५ च्या पुढे काटा गेला नसता. तो २४ वर गेला आणि आणखी चढू लागला. त्याच वेळी बॅटरीवर मोजले, तर १२.३. डायनामो ओसंडून वाहतो आहे आणि बॅटरीत थेंब जात नाही. रेग्युलेटरही झोपलेला आणि कटआउटही झोपलेले. दोन वेगळी यंत्रे एकाच वेळी बिघडणे अशक्य नाही, पण दोघांचे एकच काहीतरी सामाईक तुटलेले असणे जास्त संभवते. दोघांत सामाईक आहे ई ची वायर.

एक लांब वायर घेतली. एक टोक डबीच्या ई टर्मिनलला, दुसरे बॅटरीच्या अर्थ खांबाला. टेकवल्याबरोबर डबीतून 'कट' असा बारीक आवाज आला. दिवा गेला आणि रेस वाढवूनही परत लागला नाही. डी वरचे व्होल्ट १४ च्या जवळ उतरले आणि बॅटरीवरचे वर सरकू लागले. नातवाने वायर काढून बघितली, दिवा पेटला. लावली, विझला. असे त्याने सहा-सात वेळा केले. आम्ही करू दिले.

मूळ कुठे होते

ई ची वायर जिथे पत्र्याला लावली होती तो स्क्रू काढला. त्याच्याखाली रंगाचा गुळगुळीत थर होता, रंगाखाली लांबी, आणि भोकाच्या कडेला गंज. गाडीचे सगळे अंग दोन वर्षांपूर्वी घरातल्या लग्नासाठी खरडून नव्याने रंगवून घेतले होते. रंगाऱ्याने डबी उतरवली, मागचा पत्रा झकास रंगवला आणि स्क्रू रंगावरच परत आवळला. रंग वीज जाऊ देत नाही. स्क्रूचे आटे कुठेतरी पत्र्याला निसटते लागत होते तेवढ्यावर कधी चार्जिंग व्हायचे, खड्ड्यात दणका बसला की बंद पडायचे. म्हणून तर दोष कुणाच्या हाती लागेना. मेकॅनिककडे नेली की गाडी नेमकी चांगली वागायची.

डायनामो का जळला, तेही यातून उलगडते. अशा डायनामोच्या फिल्ड कॉइलचा रोध साधारण ६ ओहम असतो. १२ व्होल्टवर तिच्यात २ अँपिअर जातात आणि २४ वॅटची उष्णता होते. हायवेला वेगात असताना डायनामो मोकाट सुटून ३० व्होल्टवर गेला, तर त्याच कॉइलमध्ये ५ अँपिअर जातात आणि उष्णता होते १५० वॅट, म्हणजे सहापटीहून अधिक. वार्निश वितळणार नाही तर काय होईल? डी आणि एफ जोडून जी परीक्षा आम्ही मिनिटभर जपून घेतली, तीच परीक्षा ही गाडी रोज तासन्‌तास देत होती.

रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. त्याने दोन्ही वेळा काम चोख केले होते. त्याच्यापुढे गाडी कधी आलीच नाही. डायनामो सोडवायचा, पोत्यात गुंडाळायचा, एस.टी.ने तालुक्याला न्यायचा, बाकावर फिरवून बघायचा. बाकावर तो उत्तमच चालणार, कारण आजार डायनामोत नव्हता. पानाचा एक तुकडा खिशात घालून आणतात आणि "साहेब, औषध सांगा" म्हणतात, तसे झाले. आम्ही अशा वेळी प्लॉटवर चला म्हणतो, ते उगीच नाही.

दुरुस्तीला फार तर अर्धा तास लागला. स्क्रूभोवतीचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरडून पत्रा चकचकीत केला. दातेरी वॉशर घातला. वायरीचा जुना डोळा कापून नवा लावला आणि आवळल्यावर वरून व्हॅसलीन फासले, म्हणजे ओल धरणार नाही. शिवाय ई पासून थेट इंजिनच्या एका बोल्टपर्यंत जादा वायर टाकली. इंजिनपासून चेसिसला जाणारी विणीची अर्थपट्टीही काढून घासली. तीही हिरवी पडली होती. खर्च सांगण्यासारखा झाला नाही.

आबा गाडीत बसून बंधाऱ्यापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर मुलाला एवढेच म्हणाले, "त्या भंगारवाल्याला फोन करून सांग, येऊ नको म्हणावं."

इतर ठिकाणी काय आढळते

प्रत्येक गाडीत अर्थचाच दोष असेल असे नाही. उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत सर्वांत जास्त सापडतात ते झिजलेले कार्बन आणि काळा पडलेला कम्युटेटर. कार्बन पाव इंचाच्या आसपास आले की बदलावेत, आणि ते आपल्या खाचेत सहज सरकतात ना ते पाहावे. कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसावा, न निघाल्यास बारीक काचकागद फिरवावा. लोखंडाला वापरतात तो एमरी पेपर इथे चालत नाही. त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांत रुतून बसतात. पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा बारीक घासून खाच साधारण १/३२ इंच खोल करावी. मागच्या बुशाला तेलाचे भोक असते. तिथे दोन-चार थेंब इंजिन ऑइल पुरे. आमच्याकडे प्रेमाने पळीभर ओततात, ते सगळे कम्युटेटरवर जाते आणि मग कार्बन घसरू लागतात.

फार दिवस पडून राहिलेल्या किंवा नुकत्याच रिवाइंड केलेल्या डायनामोतले मागे उरलेले चुंबकत्व कधी कधी निघून जाते, किंवा उलटे होते. मग पुन्हा प्रायमिंग करावे लागते. इथे मोठी सावधगिरी आहे. लुकास धर्तीच्या डायनामोत फिल्डचे एक टोक आतच अर्थ केलेले असते. त्याची एफ ची वायर काढून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या खांबापासून आणलेली वायर एफ खांबाला क्षणभर टेकवायची, बारीक ठिणगी पडली की झाले. पण विलिज जीपबरोबर आलेल्या अमेरिकन ऑटो-लाइट धर्तीच्या डायनामोत फिल्ड बाहेर, रेग्युलेटरमधून अर्थ होते. त्याचे प्रायमिंग डबीवरच्या बॅटरी आणि आर्मेचर या दोन टर्मिनलना क्षणभर जोडून करतात. एकाची रीत दुसऱ्याला लावली तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. वर सांगितलेली डी-एफ जोडायची परीक्षाही लुकास धर्तीचीच आहे. म्हणून जीपवाल्या सभासदांनी आधी आपल्या गाडीवर कोणती सामग्री आहे हे नीट पाहावे. मधल्या काळात पुष्कळांनी बदललेली असते.

डबीचे झाकण उघडून आतले स्क्रू पिळायचा मोह टाळावा. लुकास डबीचे सेटिंग बॅटरी तोडून, ए आणि ए-वन या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडून तपासतात, आणि त्या स्थितीत साधारण १६ व्होल्ट दिसणे बरोबर असते. हे माहीत नसलेला माणूस १६ बघून घाबरतो, स्क्रू ढिला करतो, आणि चांगल्या गाडीचे चार्जिंग कायमचे कमी करून ठेवतो. कटआउटचे पॉइंट इंजिन बंद असताना बोटाने दाबू नयेत. चिकटले तर बॅटरी डायनामोतून वाहू लागते आणि वायरी तापून आग लागू शकते.

काही वेळा गाडीत काहीच बिघडलेले नसते, मागणीच जास्त असते. या जुन्या डायनामोंची ताकद १९ ते २२ अँपिअर, तीही इंजिन वेगात असताना. मूळचे ४५ वॅटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर घेतात, त्यात मागचे दिवे आणि इग्निशन धरून ११-१२ होतात. तिथे कुणी १०० वॅटचे दोन हॅलोजन बसवले की एकट्या हॅलोजनलाच १६ च्या पुढे लागतात. वर गाणी, मोबाइल आणि बंपरवरचे दिवे. आयडलला तर डायनामो जवळपास काहीच देत नाही. गळीत हंगामात रात्री गेटच्या रांगेत हेडलाइट लावून, इंजिन धगधगत ठेवून तासभर थांबणाऱ्या जीपची बॅटरी उतरणारच. तिथे दिवे बंद ठेवणे हाच उपाय. चांगल्या प्रतीचे एलईडी दिवे वीज कमी घेतात, पण पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते घेताना आधी चौकशी करावी.

मग डायनामो काढून अल्टरनेटरच का बसवू नये, असे नातवाने विचारलेच. रोज कामाला जाणारी जीप असेल तर जरूर बसवावा असे आमचे मत आहे. तो कमी वेगालाही वीज देतो, आणि त्याच्या डायोडमुळे वेगळे कटआउट लागत नाही. मात्र पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत पूर्ण गाडीचे अर्थिंग उलटवल्याशिवाय बसवला तर डायोड लगेच जळतात. आबांच्या गाडीसारखी जुनी ठेव असेल तर मूळचाच डायनामो राहू द्यावा. दुरुस्त ठेवला तर तो पुरतो.

मूळ स्वरूप ठेवण्याला आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी दुचाकी आणि चारचाकींसाठी ती आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच चालवता येते. तेव्हा ज्यांना बाजारच्या दिवशी तालुक्याला जायचे असते त्यांनी हा अर्ज घाईने करू नये, आधी आरटीओ कार्यालयात सगळे विचारून घ्यावे. आबांनी तूर्त विचारपूस तेवढी केली आहे.

पावसाळ्यात गाडी महिनो न्‌ महिने उभी राहणार असेल तर बॅटरीची अर्थ वायर काढून ठेवावी, आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर भरावी. डिस्टिल्ड वॉटर प्लेटा बुडेपर्यंतच घालावे, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. डायनामोच्या तोंडाशी पाचटाचा भुसा आणि उंदरांची घरटी सापडतात, ती गाडी सुरू करण्याआधी काढावीत. ज्या सभासदांना मीटर वापरून बघायचे असेल त्यांनी सोमवारी सकाळी आपल्या गट कार्यालयात यावे. आबांचा नातू त्या दिवशी तिथे असतो. येताना गाडीच घेऊन यावी, सुटा डायनामो नको.